बाहुल्यांचं घर

भावाची मुलगी सई सहा वर्षांची झाली, तेव्हा मी तिच्यासाठी खेळणं घ्यायला गेले. दुकानदार बटण दाबलं की गाणारी अस्वलं दाखवत होता. मला मात्र असं काहीतरी हवं होतं, की मुलीला स्वतःहून बोलावंसं वाटेल. अलीकडे ती फारच गप्प असायची. शेवटी एक लाकडी घर घेतलं, आणि आई, बाबा, मुलगी अशा तीन कापडी बाहुल्या.

सईला घर आवडलं. तिनं आईला स्वयंपाकघरात उभं केलं. बाबांना दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं. मुलगी मधल्या दारात.

"अगं, त्यांना बोलायला लाव की एकमेकांशी," मी म्हटलं.

"ते नाही बोलत, आत्या. ही जाऊन सांगते." तिनं छोट्या बाहुलीला बाबांपाशी नेलं. "आई विचारतेय, जेवणार का?" मग परत आईपाशी आणलं. "बाबा म्हणतात, भूक नाही."

असं कितीतरी वेळ चाललं. मुलांच्या मनातलं बाहेर यावं म्हणून आपण खेळणी निवडून आणतो. ते बाहेर आल्यावर काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मी नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

भाऊ दाराशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आता तो खाली बसेल, तिला जवळ घेईल, असं मला वाटलं.

"छान रमलीये," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

सईनं छोटी बाहुली माझ्या हातात दिली.

"आत्या, आता तू मुलगी हो. मी दमले."