बळवंतभाऊ फळ्यापुढे उभे राहिले तेव्हा

पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे मजकूर वाचायच्या आधीच कोणीतरी गेल्याचं कळलं. फक्त कोण, एवढंच वाचायचं राहिलं होतं. कार्ड बालाघाटहून आलेलं, बळवंतभाऊंच्या पुतण्याच्या अक्षरातलं. ‘काकाजी नहीं रहे।’ त्यांच्या घरातली ती पिढी हिंदीतच लिहिते. खाली तारीख होती, ती दहा दिवसांपूर्वीची. भंडाऱ्याच्या माझ्या खोलीत समोर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता. एक पेपर अर्धा तपासून झाला होता. मी तो पुरा केला, मार्क मांडले, बेरीज केली... आणि मग पुढचा पेपर काही उचलवला नाही.

हे नाव वाचकांपैकी कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. बळवंतभाऊ बालाघाटच्या कचेरीत नकला देणारे कारकून होते. जुन्या कागदांची नक्कल करायची, ती मूळ कागदाशी अक्षरशः ताडून पाहायची आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. एक काना इकडचा तिकडे झाला तरी ते पान फाडून पुन्हा लिहीत. अशा माणसाला मी तीन वर्षं खोटं वागायला लावलं. ते त्यांच्या हयातीत चारचौघांत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर बालाघाटच्या मुलखापासून तुटलं, त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून बालाघाटला गेले. बळवंतभाऊंच्या शेजारची खोली भाड्यानं मिळाली. मधे एकच भिंत, मागे अंगण सामाईक. भाऊ सीमेवरच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातले. बोलणं अगदी तिकडचं, मला ‘बाई’ म्हणत. त्यांच्या पत्नी वत्सलावहिनी. मूलबाळ नव्हतं. वहिनी इतक्या कमी बोलत, की पहिले दोन महिने मला वाटलं त्यांना मी आवडत नाही.

गावातली मराठी मंडळी तेव्हा नवरात्रात शारदोत्सव करीत. त्यात शाळेच्या हॉलमध्ये चार दिवस प्रदर्शन भरे. एका बाजूला भरतकाम, मण्यांची तोरणं, लोकरीचे ससे. दुसऱ्या बाजूला चित्रं. चित्रं बहुतेक भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत नकाशे काढणाऱ्या बाबूंची असत, डोंगर, सूर्य, नदी, होडी. मी एकटी, हाताशी वेळ असलेली, म्हणून दुसऱ्याच वर्षी मला प्रदर्शनाची चिटणीस करून टाकलं.

त्या वर्षी एका दुपारी विरजण मागायला मी मागच्या दारानं वहिनींकडे गेले. त्या पडवीत खाली बसल्या होत्या, पुढ्यात जुन्या कॅलेंडराचं पालथं पान. मला पाहताच पदर ओढून त्यांनी ते झाकलं. पण मी पाहिलं होतं. उकव्याला जाणाऱ्या बसची वाट पाहत बसलेल्या बाया. पाच-सहा जणी, सगळ्या पाठमोऱ्या, शेजारी गाठोडी. एकही चेहरा नव्हता, तरी त्यांतली कोण माहेराहून परत निघालीय आणि कोण बाजार करून, हे मला कळत होतं. रंग म्हणजे काय, तर नीळ, कुंकू, आणि भरवेलीचा काळा दगड पाट्यावर वाटून डिंकात खललेला.

“वहिनी, हे प्रदर्शनात द्या.”

“नाही, बाई.”

“काहून?” एवढं वऱ्हाडी एव्हाना मलाही येऊ लागलं होतं.

“लोकं घरी येतीन. काढून दाखव म्हणतीन. कोणी पाहून राह्यलं का माहा हातच चालत नाही.”

मी आठ दिवस त्यांच्या मागे लागले. शेवटी मीच तोड काढली. नाव भाऊंचं लावू या. भाऊंना लोक कचेरीतच गाठतील, घरी कोण येतंय? वहिनींनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी भाऊ कचेरीतून आले, तेव्हा मी प्रवेशाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “बाई, हे तं खोटं होईन ना.”

“त्याशिवाय चित्र बाहेर पडणार नाही, भाऊ.”

ते वहिनींकडे पाहत राहिले. वहिनी चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या. भाऊंनी खिशातून पेन काढलं. “एक वर्ष,” म्हणाले आणि सही केली.

एकाची तीन झाली. पहिल्या वर्षी लोक चित्रापुढे नुसते थबकले. दुसऱ्या वर्षी परसवाड्याच्या बैलबाजाराचं चित्र लागलं आणि भाऊ गावात ‘चित्रकार’ झाले. पानठेल्यावर लोक त्यांना नमस्कार करू लागले. साहेबांनी सव्वीस जानेवारीचा फलक रंगवायला दिला. कोणी आजोबांचा कुरतडलेला फोटो आणून द्यायचं, मोठं चित्र करून द्या म्हणून. भाऊ ते सगळं पिशवीत घालून घरी आणत, वहिनी दुपारी काढत, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ मान खाली घालून ते पोचवून येत. कोणी वाहवा केली की त्यांचे कान लाल होत. लोक म्हणत, किती विनयशील माणूस! मला हसू यायचं. हो, मला त्यात गंमत वाटत होती, हेही सांगितलं पाहिजे.

तिसऱ्या वर्षी परीक्षक म्हणून नागपूरहून चित्रकलेचे एक वयस्कर शिक्षक आले. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. पहिलं बक्षीस अर्थातच वहिनींच्या चित्राला, म्हणजे भाऊंना मिळालं. खाणीवरून डोक्यावर टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायांचं चित्र होतं ते. बक्षीस समारंभ दुपारी होता. हॉल भरलेला. भरवेलीचे साहेबलोक पुढच्या खुर्च्यांवर, बायका उजवीकडे सतरंजीवर. मी वहिनींच्या शेजारी बसले होते. गुरुजींनी भाऊंना व्यासपीठावर बोलावलं, पण प्रशस्तिपत्र हातात दिलं नाही. ते म्हणाले, “बळवंतराव, तुमच्या त्या बायांच्या प्रत्येक पाठीला निराळा थकवा आहे. हे मला तीस वर्षांत जमलं नाही. आमच्यासमोर चार रेघा ओढून दाखवा. मला तुमचा हात पाहायचाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी वर्गातला फळा उचलून वर नेला.

वहिनींनी माझं मनगट धरलं. मी भाऊंकडे पाहून आपला उजवा हात दाबून दाखवला, हात दुखतो म्हणा, अशी खूण केली. त्यांनी ती पाहिली. नक्की पाहिली, कारण क्षणभर ते माझ्याकडे बघतच होते. मग वळून त्यांनी खडू उचलला.

एक मोठा वर्तुळासारखा आकार काढला, तो खालून मिटला नाही. त्याला दोन टिंबं. वर एक गोळा, अंबाडा असावा. खाली दोन रेघा. मधेच पुसलं, पुन्हा काढलं. आधी लोक हसले, भाऊ गंमत करताहेत असं वाटून. पण भाऊ घामानं भिजले होते. एखाद्या महत्त्वाच्या कागदाची नक्कल करावी इतक्या मन लावून ते ती रेघ ओढत होते, आणि ते पाहून हॉलमधलं हसू हळूहळू विरलं. शेवटी खडू ठेवून ते वळले.

“गुरुजी, हे माहं. मले इतकंच येते. आन ते भिंतीवरचं माह्या बायकोनं काढलं आहे. तिन्ही वर्षांचं तिचंच. तिले न इचारता मी माहं नाव टाकलं. तिचा काही दोष नाही. दुसऱ्या कोणाचाई नाही.”

दुसऱ्या कोणाचाही म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जो माणूस काना-मात्रेसाठी पान फाडायचा, त्यानं भर सभेत खरं सांगता सांगता एक धडधडीत खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी. मी उठून उभं राहायला हवं होतं. चिटणीस म्हणून पहिली जबाबदारी माझी होती. मी उठले नाही. शाळेतली माझी नोकरी कायम व्हायची होती आणि आमच्या मुख्याध्यापिका दुसऱ्या ओळीत बसल्या होत्या... मी सतरंजीची वीण बघत बसले.

उत्सव मंडळानं बक्षीस राखून ठेवलं. पुढचे कित्येक महिने कचेरीत भाऊंना ‘नकली बाबू’ म्हणत. लोक तोंडावर हसत, आणि ते हसणाऱ्यालाही त्याची नक्कल वेळेवर काढून देत. एकदा अंगणात गाठून मी म्हटलं, “भाऊ, मी जाऊन सांगते सगळ्यांना.” ते दोरीवर धोतर वाळत घालत होते. “आता काय फायदा, बाई? तुमची नोकरी पक्की व्हाची आहे. माही बारा वर्षांआधीच झाली. मले हसले तं हसले. तिचं नाव तं तिले भेटलं ना.”

पण ते नाव मिळालं कसं, ते सांगायचं राहिलं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी स्वतः भाऊंच्या घरी आले. वहिनी आदल्या दुपारपासून कोणाशी बोलल्या नव्हत्या, भाऊंशी नाही आणि माझ्याशीही नाही. गुरुजी आले तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार होईनात. भाऊ आत गेले, बराच वेळ हलक्या आवाजात बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, “गुरुजी, एक अडचण आहे. तुमी रस्त्याकडे तोंड करून बसान का? ती मांगून काढीन.”

गुरुजी निमूट खुर्ची फिरवून बसले. मला आणि भाऊंनाही तसंच बसवलं. तिघे जण ओळीनं रस्त्याकडे पाहत बसलो. रस्त्यानं भरवेलीचे कामगार सायकलींवरून जात होते. मागे कागदाची सळसळ. अर्ध्या तासानं वहिनी उठल्याचं कळलं, पण वळायची हिंमत तिघांनाही होईना. अखेर आतून आवाज आला, “झालं.” कागदावर गुरुजींची पाठ होती. कोटाच्या खांद्याशी उसवलेली शिवण, डावीकडे किंचित झुकलेली मान. गुरुजींनी तो कागद हातात धरला आणि उसवलेल्या शिवणीवर बोट ठेवलं. “घरी एकटाच असतो मी,” एवढंच मग म्हणाले. त्यांनी खिशातून प्रशस्तिपत्र काढलं, भाऊंचं नाव खोडून वर वहिनींचं लिहिलं आणि आपली सही केली. मंडळालाही पुढे ते मानावं लागलं.

त्या दिवशी वहिनी रडल्या. चारचौघांत नाव फोडल्याचा राग मात्र गेला नाही. भाऊंशी आठ दिवस, माझ्याशी महिनाभर अबोला होता. पुढच्या नवरात्रात मी कागद घेऊन गेले, तेव्हा नावाच्या जागी त्यांनी स्वतः लिहिलं, ‘वत्सला’. अक्षर वाकडंतिकडं होतं, शिक्षण चौथीपर्यंतचं. त्याच वर्षी आणखी चार बायकांनी चित्रं दिली. त्यातली एक तर लोकरीच्या सशांची मोठी कारागीर! आणि भाऊ? ते प्रदर्शनाचे खिळेवाले झाले. शिडी आणायची, भिंतीला गोणपाट ठोकायचं, दोरा ताणून चित्रं एका रांगेत लावायची. पुढे दरवर्षी हेच. कोणी नवखा विचारी, “हे चित्र तुमचं का?” तर ते तोंडभरून सांगत, “नाही, माह्या घरच्यांचं.”

पुढे माझी नोकरी कायम झाली. काही वर्षांनी भंडाऱ्याला दुसरी मिळाली आणि मी बालाघाट सोडलं. जाणं-येणं कमी होत गेलं. भाऊंची शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. निवृत्त झाले होते, दम लागत होता, तरी नॅरोगेजच्या छोट्या गाडीवर मला पोचवायला स्टेशनवर आले. मला तेव्हा म्हणायचं होतं, भाऊ, ते मी कधीतरी लिहीन. गाडी हलली, आणि मी म्हटलं, “तब्येतीला जपा.” ते म्हणाले, “हौ.”

तेरावं होऊन गेल्यावर मी बालाघाटला गेले. वहिनी पडवीत होत्या. मी माझं सगळं बोलून टाकलं, लिहिणार आहे तेही. त्या म्हणाल्या, “लिहा. त्याईले काही वाईट नसतं वाटलं.” मग आत जाऊन भाऊंची कचेरीतली पिशवी घेऊन आल्या. तिच्या तळाशी, त्यांना आता सापडलेली, एक जाड वही होती. रद्दी कागदांची, दोऱ्यानं शिवलेली. मी उघडली. पानापानावर चित्रं होती. कावळे, घागरी, सायकल, बैल, पुन्हा कावळे. इतकी वाईट, की ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाखाली त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहिलं होतं, ‘बैल’, ‘सायकल’. मधल्या सुट्टीत काढत असावेत. किती वर्षं, कोण जाणे. हात काही सुधारला नव्हता.

शेवटच्या पानावर एक बाई होती. पाट्यापुढे वाकून काही वाटत बसलेली. हात लांडा, डोकं मोठं, पाटा हवेत तरंगणारा. खाली नाव नव्हतं. पण मान ज्या बाजूला कलली होती, ती पाहून मी वर वहिनींकडे पाहिलं.

वहिनींनी वही माझ्या हातातून घेतली. कोनाड्यातली पेन्सिल काढली आणि त्या खांद्याच्या रेघेवर नेली. ती रेघ खरंच चुकली होती, वहिनींना एका फटक्यात सरळ करता आली असती. पेन्सिल कागदाच्या अगदी जवळ जाऊन थांबली...

“राहू द्या,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “त्याईनं काढलं आहे.”