मॅडमचा पुढचा देश

"ते समदं ठीक हाय दादा, पण पाणी कितीक लांब हाय?"

कुठल्याही देशाचं नाव काढा, मॅडमचा पहिला प्रश्न हा ठरलेला. प्रश्न विचारताना त्या उजव्या हाताची बोटं माझ्या काउंटरवर टकटक वाजवत. उत्तर मिळेपर्यंत ती टकटक थांबत नसे. मी कॉम्प्युटरवर शोधून सांगायचो की मॅडम, तो अख्खा देश आहे, त्यात समुद्र आहे, नद्या आहेत, पाण्याला काय तोटा. त्यावर त्या म्हणत, "नदीचं न्हाई विचारलं. खोलीपासून कितीक लांब?"

केजला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर मॅडम इंग्रजीचा क्लास घ्यायच्या आणि नोट्सच्या झेरॉक्सला खाली यायच्या. त्या मला दादा म्हणत, मी त्यांना मॅडम. वयानं मी बराच मोठा, पण समोर इंग्रजीतला फॉर्म आला की मी आपोआप त्यांचा विद्यार्थी होऊन जाई, आणि त्याही निःसंकोचपणे माझ्या चुका काढत.

आमच्याकडून परदेशी जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कुणी इंजिनिअर होऊन जातो, कुणी आखातात गाडी चालवायला. पण आमच्या जवळच्या नांदूरघाट गावची ही मुलगी थायलंडच्या पोरांना इंग्रजी शिकवायला चालली, हे ऐकून मला हसू आवरलं नव्हतं. मी विचारलं, "मॅडम, इंग्रजी शिकवायला इंग्लंडची माणसं जात असतील. आपल्याला कोण बोलावणार?"

"दादा, त्यांना इंग्रजी आईच्या पोटातून आली," त्या म्हणाल्या. "मला घासून घासून आली. लेकरू कुठं अडकतं, ते मला ठाऊक हाय. त्यांना कसं कळंल?"

मी फॉर्म भरायला घेतला.

त्यांची पहिली मुलाखत माझ्या दुकानातच झाली, कारण गावाकडे नेट टिकत नव्हतं. मी गिऱ्हाइकांना बाहेर उभं केलं आणि दाराला पडदा लावला. मॅडम स्टुलावर ताठ बसल्या. पलीकडे थायलंडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मॅडमच्या मागे भिंतीवर टांगलेल्या पाटीवरचा मजकूर काय आहे ते विचारलं. पाटीवर माझ्या दुकानात मिळणारे सगळे कागद लिहिलेले: रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा. मॅडमनी इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावात माणूस आहे हे सिद्ध करायला काय काय लागतं, त्याची ही यादी आहे. बाई इतक्या हसल्या की माझी भीड चेपली आणि मीही पडद्याआडून हसलो.

शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? कुठलाही शहाणा माणूस पगाराचं विचारील. मॅडमनी वही उघडली. खोलीपासून पाणी किती लांब? दळण कुठं दळून मिळतं? तुमच्यावर जो साहेब आहे, तो ओरडतो का, आणि ओरडला तर बायकांसमोर ओरडतो का? पोरांची शाळा आणि खोली यांच्यामध्ये रस्ता कसा आहे? बाई पहिल्यांदा गोंधळल्या. मग त्यांनी एकेक उत्तर दिलं, नळ कुठं आहे तेही सांगितलं. मॅडमनी सगळं वहीत लिहून घेतलं.

नंतर मी चिडवलं, "मॅडम, तिथं काय ऊस तोडायला चाललात का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न मपले न्हाईत दादा. आईचे हायेत."

मग हळूहळू मला कळलं. आई-वडील दोघं ऊसतोडीला जायचे, आणि ही एकुलती मुलगी त्यांच्याबरोबर. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास मुकादम टोळी जमवायला यायचा आणि घरात एकच विषय निघायचा, औंदा कुठला कारखाना? बाकीच्या घरांत तो पुरुष ठरवत. या घरात आई ठरवायची. एका हंगामात त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, पाण्यापासून इतकी लांब पडली होती की सहा वर्षांची मॅडम पहाटे कळशी घेऊन आईमागे चालायची आणि चालता चालताच झोपायची. त्यानंतर आईनं मुकादमाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी, दळण, शिवीगाळ, आणि तळावर तोडणाऱ्यांच्या पोरांसाठी साखरशाळा आहे का. मुकादम वैतागायचा. पण ही बाई आणि तिचा नवरा मिळून जेवढं तोडायचे तेवढं टोळीत कुणी तोडत नव्हतं, म्हणून निमूट उत्तरं द्यायचा. त्याच साखरशाळेत मॅडमना एबीसीडी भेटली.

तर आता टोळी नव्हती, कारखाना नव्हता, पण पद्धत तीच. मॅडम उत्तरं वहीत लिहून नांदूरघाटला जायच्या, आईला वाचून दाखवायच्या, आणि आईनं मान हलवली की मगच तिकीट. थायलंडला आईनं मान हलवली. गंमत म्हणजे तिथलं दुसरं सत्र सुरू होतं ते आपल्या दिवाळीच्या सुमारास. दसरा झाला आणि मॅडम निघाल्या. आईला त्यात काही नवल वाटलं नाही. दसऱ्यानंतर माणूस घरातून निघतोच, असंच तिचं मत.

सगळीकडे असं गोड झालं असं नाही. दोन-तीन शाळांनी फोटो पाहूनच नाही म्हटलं. जन्मानं इंग्रजी बोलणारा हवा, असं कळवलं. एका पत्रावर मी शिवी हासडली. मॅडमनी ते पत्र पाठकोरं म्हणून माझ्याकडे दिलं. "लिहायला चांगला कागद हाय, टाकू नका," म्हणाल्या. त्या दिवशी मात्र त्या वर क्लासवर गेल्या नाहीत.

दोन वर्षांनी दुसरा देश निवडायचा होता. कंबोडियाचं पाणी, रस्ता, साहेब, सगळं आईच्या पसंतीला उतरलं. फक्त दळणाला उत्तर नव्हतं. तिथं कुणी भाकरी खात नाही, असं मी इंटरनेटवर वाचून सांगितलं. आईनं बाजरी दळून बॅगेत भरली. विमानतळावर बॅग जड झाली, तेव्हा मॅडमनी व्याकरणाची पुस्तकं काढली आणि पीठ ठेवलं. मला फोन करून सांगितलं, "पुस्तकं कुरिअरनं पाठवा दादा. पीठ आईनं दिलंय, ते कसं काढू?" दोन महिन्यांत पिठाला किडे झाले. आईला हे अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

कंबोडियाचं दुसरं वर्ष संपत आलं असताना वडील गेले. मॅडम परत आल्या. दिवसकार्य झालं, महिना गेला, आणि एके सकाळी त्या दुकानात आल्या. त्यांच्या मोबाइलवर तीन ठिकाणची बोलावणी होती: मंगोलिया, लाओस आणि व्हिएतनाम. मी उत्साहानं खुर्ची ओढली. मंगोलियाचं पाहिलं, तर पाणी दारातच, पण हिवाळाभर त्याचा दगड. मी म्हटलं, "मॅडम, हे कळशीत कसं भरणार?"

त्या हसल्या, पण बोटं काउंटरवर वाजली नाहीत. पर्समधून एक अर्ज काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. जवळच्याच एका खासगी शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. "याची झेरॉक्स काढा. आई एकली हाय दादा. किती दिवस फिरायचं."

मी झेरॉक्स काढली. त्या केजमध्ये राहणार म्हणून मला मनातून बरंही वाटलं होतं, हे कबूल करतो. पण तुम्ही त्यांचा चेहरा पाहिला असता तर तुम्हालाही ती झेरॉक्स काढणं जड गेलं असतं. चार वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, की देश निवडायचा होता आणि त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

चौथ्या दिवशी मावशी, म्हणजे त्यांची आई, जीपनं केजला आल्या. मी त्यांना याआधी फक्त मॅडमच्या तोंडून ओळखत होतो. उंच, काटक बाई. पदर खोचून थेट काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

"तूच का तो दादा? हिला तीन ठिकाणं आल्याती म्हणं. मला दाखव."

मी तिन्ही दाखवली. मंगोलियाचा बर्फ पाहून त्यांनी नुसतं "पुढं" म्हटलं. लाओसच्या शाळेपासून खोली लांब होती. व्हिएतनामचं गाव डोंगरातलं, लहान, शाळा आणि खोली एकाच गल्लीत. मी फोटो पुढे पुढे सरकवत होतो. एका फोटोत हातगाडीवर उसाचा रस काढणारी बाई होती. मावशीनं माझा हात धरला.

"ऊस हाय का तिथं?"

"आहे मावशी."

"मोळी नीट बांधलेली न्हाई," त्या स्क्रीनकडे पाहत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हेच बरं हाय. मपला बी पासपोर्ट काढ."

मला वाटलं, थट्टा आहे. त्या म्हणाल्या, "अरं, टोळीत नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. एकलं माणूस गेलं तर अर्धा कोयता. माझी लेक चार वर्सं अर्ध्या कोयत्यानं राहिली. तिनं समदं सांगितलं, पण मी डोळ्यांनी काय बघितलं? कारखान्याला जाताना मी बघितल्याबिगर कधी राहिले न्हाई. ती माझ्यापायी घरी बसली तर मला घास गिळंल का?"

मॅडमना कळलं तेव्हा मायलेकींचं माझ्या दुकानातच भांडण झालं. मॅडम म्हणाल्या, आई, तुला तिथली भाषा येणार न्हाई. आई म्हणाली, तुला तरी कुठं यायची? या मुद्द्यावर भांडण संपलं. अर्जाची झेरॉक्स मी पाठकोऱ्या कागदांत टाकली.

पासपोर्टचा फॉर्म मी भरला. आधारवर मावशींची जन्मतारीख एक जानेवारी. आमच्याकडे त्यांच्या वयाचा जो भेटेल तो एक जानेवारीचाच. बीडला फोटो काढताना त्यांना हसू नका म्हणून सांगावं लागलं. व्हिसा तीन महिन्यांचा मिळाला. दसऱ्यानंतर दोघी निघाल्या. या वेळी पीठ मावशींच्या बॅगेत होतं.

तीन महिन्यांनी मावशी एकट्या परत आल्या. त्या एकट्या चुकू नयेत म्हणून मॅडमनी विमानतळावर त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. "पाय धड असताना मला ढकलत आणलं. लई लाज वाटली," दुकानात आल्या आल्या त्यांनी तक्रार केली. मग स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. शेजारी एक म्हातारी आहे. एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, तरी रोज दोघी बसून भाजी निवडायच्या. रसवाल्या बाईला त्यांनी मोळी बांधायला शिकवली. एक दिवस मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या.

"काय कळलं मावशी?"

"काय बी न्हाई. पण लेकरं तिच्या तोंडाकडं बघत व्हती. एक बी पोरगं खिडकीतून बाहेर बघत नव्हतं." मग म्हणाल्या, "निघताना ती म्हणली, आई, आता पुढं कुठं जाऊ? मी म्हणले, राहा हितंच. मी बघून घेतलंय. आता डोळे मिटले की तुजी खोली मला दिसती."

मॅडमनी तिथला करार वाढवला. यंदाचा दसरा झाला, तरी कुठला देश बघू म्हणून कुणी दुकानात आलं नाही. वरच्या मजल्यावर आता शिवणाचा क्लास आहे. मॅडम खुशीत आहेत, अधूनमधून व्हिडिओ कॉल करतात, माझं इंग्रजी अजूनही दुरुस्त करतात. याचा मला आनंदच आहे.

परवा मावशी आल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुला करमत न्हाई व्हय रं?"

मी म्हटलं, "नाही मावशी."

"मला बी न्हाई," त्या म्हणाल्या. "पण तिला करमतंय."