राधाबाईंनी पास केलेली काडतुसं

काही माणसं जन्मभर एकच काम करतात आणि निवृत्त झाल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. राधाबाई त्यांतल्या नव्हत्या. भुसावळजवळच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं दारूचं वजन केलं होतं, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या दहा मिनिटांत कळेल याची त्या चोख व्यवस्था करत. हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या भारतीय किराणा दुकानातल्या गल्ल्यावरच्या पोरीलासुद्धा ते ठाऊक होतं.

नवरा मनोहर त्याच कारखान्यात फिटर होता. तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी राधाबाईंना नोकरी लागली. मांडीवर सहा महिन्यांचा धम्मपाल. पहिल्या दिवशी बांगड्या, केसांतल्या पिना, मंगळसूत्राची वाटी असं धातूचं काहीही अंगावर नको म्हणून सांगण्यात आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या अंगावर आता काही नाहीच." मग नाकातोंडाला फडकं बांधून, श्वासाने काट्याचं पारडं हलू नये म्हणून मान जरा तिरकी ठेवून, त्या जे बसल्या ते निवृत्तीपर्यंत. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक काटे आले. बाकीच्या बाया बिचकल्या. राधाबाई सगळ्यांत आधी त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. तेव्हा यंत्राला घाबरणारी जुनी बाई असं कुणी त्यांना समजू नये. त्यांना राग होता तो न तपासणाऱ्या माणसांचा.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्या मुलाकडे हॉलंडला तीन महिन्यांसाठी आल्या आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली. धम्मपाल घरूनच काम करू लागला. मोजमापाच्या उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहिणं हा त्याचा धंदा, आणि हार्लेमच्या क्लबात रायफल चालवणं हा छंद. क्लब वसंतात बंद होता. दुकानांत काडतुसांचा तुटवडा. मग परवाना होताच, म्हणून त्याने घरी काडतुसं भरायचा संच आणला. झाडलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं टाकायचं नाही. त्यात नवी ठिणगीची टोपी, मोजून घेतलेली दारू आणि वर गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. दारू मोजायला एक झकपक इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि तो फोनला जोडलेला होता. प्रत्येक वजनाची नोंद आपोआप. संचाबरोबर दांडीचा एक छोटा काटाही आला होता, पितळी वजनांसकट. तो धम्मपालने खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

सप्टेंबरात क्लबाने स्पर्धा ठेवली. अकरा नेमबाज, चाळीस बार, आणि पहिल्या चौघांचा क्लबाचा संघ. सात वर्षं त्या क्लबात घालवून धम्मपाल कधी पहिल्या चारांत आला नव्हता. यंदा येईल असं क्लबातलेच म्हणत होते, आणि तो स्वतः तर इतकं म्हणत होता की नीलमने, त्याच्या बायकोने, जेवताना हा विषय काढायला बंदी घातली होती.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी दुपारी तो मागच्या खोलीत काडतुसं भरत बसला. राधाबाई हात पुसत पुसत आत आल्या, पदर नाकाभोवती गुंडाळून शेजारी बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दर दहाला तपासणीचं वजन ठेवतोस ना?"

"आई, हा डिजिटल आहे. सुरुवातीला एकदा कॅलिब्रेट केला की झालं. बघ, फोनवर सगळा डेटा येतो. चौतीस झाली, एकाचाही आकडा हललेला नाही."

"आकडा हलत नाही हे दिसलं मला. पितळी वजन ठेव."

त्याने खोक्यातून वजन काढून ठेवलं. आकडा चुकला. थोडासाच चुकला, पण हे काही कोथिंबिरीचं वजन नव्हे. इथे थोडं कमीजास्त झालं तर नेम जातो, आणि फारच झालं तर डोळा. धम्मपाल म्हणाला वजनच चुकीचं असेल. राधाबाईंनी दांडीचा काटा बाहेर काढला, टेबल डुगडुगत होतं म्हणून पायाखाली सुपरमार्केटचं जाहिरातपत्रक दुमडून सरकवलं आणि सगळी वजनं एकमेकांशी ताडून पाहिली. वजनं चोख होती. भरायला काढून ठेवलेल्या दारूच्या दोन मापांत मात्र फरक निघाला.

या खटपटीत अर्धा तास गेला. धम्मपालने चिडून पुन्हा पितळी वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं, आणि आकडा तंतोतंत आला.

"बघ. बरोबर आहे. तूच काहीतरी हलवलं असणार."

राधाबाई म्हणाल्या, चहा घेऊ. धम्मपाल उठला, सवयीने काट्याची वायर भिंतीतून उपटली आणि स्वयंपाकघरात गेला. परत येऊन त्याने वायर लावली, वजन ठेवलं. आकडा पुन्हा चुकीचा.

"तू ती वायर का काढलीस?" राधाबाईंनी विचारलं.

"का म्हणजे? खोलीतून बाहेर पडताना सगळं बंद करायचं. तूच लावलीस ना सवय. इथल्या प्लगला बटण नसतं, म्हणून वायरच काढतो मी."

मग त्याने यंत्राची पुस्तिका उघडली. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं की काटा चालू करून अर्धा तास तापू द्यावा, नाहीतर आकडा सरकतो. या पठ्ठ्याने दर चहाला, दर फोनला, दर वेळी नीलमने हाक मारली की काटा बंद केला होता आणि परत आल्या आल्या वजन घ्यायला सुरुवात केली होती. यंत्राने प्रामाणिकपणे चुकीचे आकडे दाखवले आणि फोनने ते प्रामाणिकपणे लिहून घेतले. स्वतः अशी यंत्रं बनवणाऱ्या माणसाने पुस्तिका वाचली नव्हती, याबद्दल त्याला काय बोलावं ते नीलम नंतर बोललीच.

भाड्याच्या दोन खोल्यांत, एका पगारात पोर वाढवताना हे बटण बंद कर, ते बटण बंद कर असं राधाबाईंनी हजारदा बजावलं होतं. त्या म्हणाल्या, "सवय माझी, चूकही माझी. पण या चौतिसातलं कुठलं बरोबर नि कुठलं नाही ते आता बाहेरून कळायचं नाही. सगळी उघडायची."

"आई, शनिवारी मॅच आहे."

"मग आज सुरुवात कर."

चार संध्याकाळी मायलेकांनी ती चौतीस काडतुसं एकेक करून उघडली. हातोडीसारखं एक अवजार असतं, ते आपटलं की गोळी सुटते. ठकठक होईल असं खालच्या मजल्यावरच्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. मग काटा तापवून दारू पुन्हा मोजली: आधी यंत्रावर, मग दांडीच्या काट्यावर, आणि दर दहाला पितळी वजन. यंत्रावर धम्मपाल, दांडीवर राधाबाई. दोन्ही जुळलं तरच काडतूस भरायचं. पहिल्याच दिवशी हात बसलेला नसताना दोन मापं जमिनीवर सांडली. ती राधाबाईंनी कागदावर गोळा करून बाजूला काढली. सांडलेली दारू पुन्हा भरायची नाही. बाटलीत उरलेली दारूही भरली, बाटली रिकामी झाली आणि नवी कुठल्याच दुकानात मिळेना. चाळिसाच्या जागी सगळी मिळून तयार झाली अडतीस.

घरच्या कुलूपबंद कपाटात वसंतातली दोन काडतुसं शिल्लक होती. दुसऱ्या जातीच्या दारूची, त्याच न तापलेल्या काट्यावर मोजलेली. शनिवारी सकाळी धम्मपाल चाळीस खाचांचा डबा भरत असताना राधाबाईंनी पाहिलं की शेवटच्या दोन खाचाही भरलेल्या आहेत. त्यांनी काही विचारलं नाही. चाळिशीतला मुलगा आहे, परवाना त्याचा आहे, सात वर्षांची आसही त्याचीच आहे. पण हार्लेमपर्यंत गाडीत मागे बसून त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तेवढ्यावरून नीलमला काय समजायचं ते समजलं.

कोरोनामुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते आणि नेमबाजही एका वेळी एकच. दोघी बाहेरच्या बाकावर दीड मीटर अंतराशिवायच बसल्या, एका घरातल्या म्हणून. धम्मपाल आत गेला. भिंतीतून धप्प असा आवाज येई, मग थोडी शांतता, मग पुन्हा धप्प.

राधाबाई मोजू लागल्या. दर दहाला बोटाचं एक पेर. नीलम काहीतरी बोलू लागली तर त्यांनी हाताने थांबवलं. तीस झाले. पस्तीस. यंत्र चुकलं तर तपासता येतं, पण मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवून नाही म्हणायला त्या आत नव्हत्या. सदतीस. अडतीस.

मग काही नाही. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. नीलम म्हणाली, "आई, बहुतेक नेम धरत असतील." राधाबाई उठून उभ्या राहिल्या.

दार उघडलं आणि धम्मपाल बाहेर आला. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, "अडतीस. दोन शून्य."

"मग?"

"सगळ्यांचं झाल्यावर कळेल. पण चारात नाही येत मी."

तासाभराने निकाल लागला. सहावा. ते दोन बार झाडून नेहमीसारखे बसले असते तर दुसरा आला असता. हिशेब त्याने स्वतःच करून दाखवला. राधाबाईंना वाईट वाटलं, पण त्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला. 

"तिथल्या माणसाने विचारलं असेल ना, दोन का सोडलेस म्हणून?" नीलमने विचारलं.

"गुण लिहिणाऱ्या यानने विचारलं. सांगितलं त्याला. त्याने शेरा लिहिलाय." धम्मपालने फोनवर गुणपत्रकाचा फोटो उघडला आणि शेवटच्या रकान्यातली ओळ मराठीत करून वाचली: "दोन बार झाडले नाहीत. काडतुसं आईच्या तपासणीत नापास."

"परत वाच," राधाबाई म्हणाल्या.

त्याने वाचलं.

"आता त्यांच्या भाषेत वाच. लिहिलंय तसं."

त्याने डचमध्ये वाचलं. त्यातला आई एवढाच शब्द त्यांना कळला. त्यांनी पदर नीट केला, आणि परतताना नीलमला मागे बसवून त्या पुढच्या सीटवर बसल्या.