चार बोटं जागा

ट्रक पंपावर येऊन उभा राहिला, की मामा ड्रायव्हरकडे बघायचेच नाहीत. ते थेट टाकीपाशी जाऊन उकिडवे बसायचे, मधलं बोट दुमडून तिच्यावर तीनदा टकटक करायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. कुणाच्या दारावर थाप मारून आतून कोण ओ देतंय याची वाट बघावी, तसे. मग उठून, धोतराला हात पुसत म्हणायचे, "हवा अडकलीय. आधी हवेला वाट द्या, मग डिझेल घाला."

नवखा ड्रायव्हर गोंधळून आमच्या माणसांकडे बघायचा. त्याला सांगितलं जायचं, "टाकीवाले मामा आहेत ते. ऐका त्यांचं." त्यांचं खरं नाव मला दीड वर्षानं कळलं, पण तोवर त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

गेवराईहून बीडकडे निघालात की डाव्या हाताला आमचा पंप लागतो. कुंपणाबाहेर एक कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली मामांचं पत्र्याचं शेड. पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेज संपवून संभाजीनगरहून घरी आले होते. "थोडे दिवस केबिनमध्ये बस," असं पप्पा म्हणाले, आणि ते थोडे दिवस अजून चालू आहेत. सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झालेली, त्यात स्वभाव असा, की अनोळखी माणसाशी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागतं. ते जुळेपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो. त्यामुळे केबिनची काच मला फार सोयीची वाटायची. काचेआड बसून मी एका वहीत ट्रकांच्या मागे रंगवलेली वाक्यं उतरवून घ्यायचे. सोबत गाडीचा नंबर, आणि दारावर मालकाचा किंवा ड्रायव्हरचा मोबाइल रंगवलेला असला तर तोही. कशासाठी, ते विचारू नका. काही जण तिकिटं जमवतात.

तुम्ही ट्रकमध्ये डिझेल भरताना पाहिलं असेल, तर पुढचं लगेच कळेल. टाकी लांबलचक, तोंड एका टोकाला. डिझेल जोरात सोडलं की दुसऱ्या टोकाला वरच्या कोपऱ्यात हवा कोंडते, फेस उसळून तोंडाशी येतो आणि नोझल टक्कन बंद पडतं. फेस बसायची वाट बघा, पुन्हा दाबा, पुन्हा टक्कन. एकेका गाडीला अर्धा-अर्धा तास. ड्रायव्हरांचे उपाय ठरलेले. कुणी एक चाक दगडावर चढवणार, कुणी क्लिनरला ट्रकच्या पाठीवर चढून उड्या मारायला लावणार, एक जण तर टाकीला चप्पल मारायचा. एवढं करूनही टाकी भरली नाही, की सगळे संशयानं आमच्या मशिनकडे बघणार.

मामांचा उपाय साधा होता. टाकी रिकामी करायची, धुवायची, ठिणगीनं पेट घेऊ नये म्हणून पाण्यानं भरायची आणि मगच त्या लांबच्या कोपऱ्यात वरून भोक पाडायचं. पाण्याशिवाय टाकीला ड्रिल लावणाऱ्याला ते शेडपाशी उभंही करत नसत. भोकात पितळी नळी बसवायची आणि तिथून एक होजपाइप आणून टाकीच्या तोंडात, झाकणाच्या खाली सोडायचा. कोंडलेली हवा त्या वाटेनं बाहेर. अर्ध्या तासाचं काम सात-आठ मिनिटांत, आणि डिझेलही जास्त बसणार.

मी पहिल्यांदा धीर करून हे कसं होतं ते विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याच पाण्याची बाटली उचलली आणि उलटी धरली. पाणी गुडगुड करत, अडत अडत पडायला लागलं. मग त्यांनी खिळ्यानं बुडाला भोक पाडलं. पाण्याची एकसारखी धार लागली.

"दिसलं?"

मला हे शाळेत होतं. मी त्यांना त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, सूत्रसुद्धा सांगितलं. मामांनी आदरानं ऐकून घेतलं. म्हणाले, "असंल. हितं त्याला हवाच म्हणतेत." बाटली नवी होती, ते मी बोलले नाही.

त्या पितळी नळीत खरी खुबी होती. ती आत चार बोटं खाली सोडायची. डिझेल तिच्या टोकापर्यंत चढलं की हवेची वाट बंद होते, नोझल थांबतं आणि टाकीत वर चार बोटं जागा रिकामी राहते. मामा ही चार बोटं मोजपट्टीनं मोजत नसत. स्वतःचा हात आडवा धरायचे. टाकी भरली की लिंबाची सोललेली काडी आत बुडवायची, बाहेर काढून कोरड्या भागावर चार बोटं ठेवून बघायची आणि मान हलवायची. बोटं अशी जाड, की अंगठी घातली असती तर कापून काढावी लागली असती.

"कावून जागा सोडायची, म्याडम? उन्हात डिझेल फुगतंय. त्याला अंग टाकाया जागा पायजे."

चष्मा मात्र त्यांना कधी सापडायचा नाही. कधी तो लिंबाच्या फांदीवर असायचा, कधी कुणाच्या ट्रकमधून सोलापूरला जाऊन परत यायचा. गाडीचे नंबर ते वाचतच नसत. पाटी बदलता येते, म्हणायचे, टाकीचा आवाज बदलत नाही.

गेल्याच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या न्यायच्या गाड्या तयार व्हायला लागल्या. काही चकलांब्याच्या, काही शिरूरकडच्या. गाडीत बायका, लेकरं, शेळ्या, भांडीकुंडी, सगळा संसार असतो. वाटेत पंपावर थांबलं की अर्धी माणसं उतरतात आणि पुन्हा गोळा करता करता दुपार होते. म्हणून ड्रायव्हरांना इथून निघताना गळ्यापर्यंत भरलेली टाकी हवी असते. त्यातला एक बोलका ड्रायव्हर मामांच्या मागेच लागला. "मामा, ती चार बोटं कुणाच्या बापाची? फुल म्हणजे फुल करा की." रोज येऊन बसायचा, चहा पाजायचा. शेवटी मामांनी नळी आखूड कापली आणि टाकीच्या वरच्या पत्र्याबरोबर बसवली. त्याची टाकी काठोकाठ भरली. ते बघून बाकीच्यांनाही तशीच पाहिजे झाली. आठवड्यात नऊ गाड्या झाल्या. मामा खूश होते. खोटं कशाला सांगू, मीही होते, कारण पंपावर कुणी मशिनकडे वाकड्या नजरेनं बघेना.

मग त्या नवांतली एक गाडी भर दुपारी टाकी भरून आमच्याच आवारात उन्हात उभी राहिली. ड्रायव्हर जेवायला गेला. तासाभरात झाकणाखालून डिझेल गळायला लागलं आणि त्याचा ओघळ उतारावरून रस्त्याकडे गेला. बाजाराहून येणारं एक जोडपं मोटरसायकलवरून घसरलं. बाईंचं कोपर सोललं आणि पिशवीतली वांगी हायवेभर झाली. आम्ही सगळे धावलो. वांगी गोळा झाली, कोपराला हळद लागली, त्या दोघांना चहाही मिळाला. मामा तेवढे आले नाहीत. ते ओल्या मातीपाशी बसले होते. बोट लावून वास घेतला, वर उन्हाकडे बघितलं.

"आठ राहिल्या," ते म्हणाले.

ती गाडी त्यांनी तिथंच दुरुस्त केली. संध्याकाळी केबिनच्या दारात आले. याआधी ते कधी दारापर्यंत आले नव्हते. पप्पा आत बसले होते. पप्पांचं म्हणणं असं होतं की कुणी तक्रार केलेली नाही, आपण होऊन बोभाटा कशाला? लोक मामांचं नाव घेणार नाहीत, पंपाचं घेतील. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्याच गाड्यांत लेकरं बसून जाणारेत, दादा," ते म्हणाले. "रस्त्यानं कुटं सावली न्हाई घावली, तर गाडीच्याच सावलीला चूल मांडतेत. मी बघितलंय."

मामा माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमच्या त्या वहीत हायेत का गाड्या?"

मला वाटायचं, वहीचं कुणाला माहीत नाही.

आठही गाड्या वहीत होत्या. सहांचे मोबाइल होते. पण फोन करायचा कुणी? मामांना फोनवर समोरचा माणूस दिसत नाही म्हणून बोलता यायचं नाही, आणि मला समोरचा दिसत असला तरी यायचं नाही. मी कागदावर मजकूर लिहून काढला. पहिल्या ड्रायव्हरला वाचून दाखवला: "नमस्कार, आपल्या इंधन टाकीच्या वायुवीजन नलिकेत त्रुटी आढळली आहे." तो म्हणाला, "आमाला न्हाई पायजे काय बी," आणि फोन ठेवला. दुसऱ्यानंही तेच केलं. त्यांना मी कुठल्यातरी कंपनीची मुलगी वाटले असणार.

मामा काचेपलीकडे उभे राहून बघत होते. आत आले आणि माझ्या हातातला कागद अलगद काढून घेतला.

"असं म्हणा, मामाकडून चूक झालीय, गाडी घेऊन या. एवढंच. लाजू नका. चूक माझी हाय, तुमचं फकस्त तोंड हाय."

मी तेवढंच म्हणाले. पहिल्यालाही पुन्हा फोन लावला. "मामाकडून चूक झालीय, गाडी घेऊन या." तो म्हणाला, "मामाकडून? उद्याच येतो." तिसऱ्या फोनपर्यंत माझा आवाज कापायचा थांबला होता आणि सहाव्याला तर मी चक्क दम दिला. चार दिवसांत सहाही गाड्या आल्या. त्या बोलक्या ड्रायव्हरची गाडीही त्यात होती, पण त्या दिवशी तो फारसं बोलला नाही.

सातवी गाडी नारायणगडाला दर्शनाला गेल्याचं कळलं. मामा पान्हा, नळी आणि लिंबाची काडी घेऊन कुणाच्यातरी टेम्पोतून गेले. लोक वरून दर्शन घेऊन उतरेपर्यंत यांनी खाली टाकी रिकामी करून ठेवली होती. आधी ड्रायव्हरला चोरच वाटले म्हणे.

आठवी राहिली. तिच्या मागे 'माईची सावली' असं लिहिलेलं होतं, नंबरही वहीत होता, पण दार नव्यानं रंगवलेलं, त्यामुळे मोबाइल नव्हता. दिवाळी झाली. एका सकाळी टोळ्या निघाल्या. दोन दिवस हायवेवरून गाड्या जात राहिल्या. मामा कुंपणापाशी उभे होते आणि मी काचेमागे न बसता त्यांच्या शेजारी उभी होते, कारण मागचं वाक्य वाचायला त्यांना डोळे हवे होते. 'माईची सावली' दिसली नाही. पुढं एका मुकादमाकडून समजलं, की ती सांगलीकडच्या कुठल्याशा कारखान्यावर गेलीय.

आठवड्यानं मामा शेडला कुलूप लावून आले. म्हणाले, "पोरीकडं जाऊन येतो." त्यांची मुलगी त्याच बाजूला दिलेली. पिशवी खाली ठेवली तेव्हा आत पान्हा खणखणला. मी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात गाडीचा नंबर आणि 'माईची सावली' लिहून दिलं. त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली आणि बीडच्या जीपमध्ये बसले. जीप गेल्यावर मला टेबलावर त्यांचा चष्मा दिसला.

ते परत आलेच नाहीत. मुलीनं ठेवून घेतलं. एकदा तिच्या फोनवरून बोलले. बोलता येत नाही म्हणणारा माणूस दहा मिनिटं बोलत होता. तिकडं लई टाक्या आहेत, लिंब नाही, पोरीच्या हाताला चव आहे. मी गाडीचं विचारलं, तर म्हणाले, "झाली ती." पप्पा म्हणाले, तुझ्या जीवाला घोर नको म्हणून सांगत असतील. कारखान्याच्या आवारात शेकड्यानं गाड्या उभ्या असतात, चष्म्याशिवाय हा माणूस कुठली शोधणार? मलाही ते पटलं.

ऊस संपला. टोळ्या परत यायला लागल्या. आणि एका सकाळी पंपावर 'माईची सावली' येऊन उभी राहिली. मी केबिनमधून जवळजवळ पळत गेले आणि वाक्य न जुळवताच ड्रायव्हरला विचारलं, कुणी भेटलं होतं का?

"म्हातारा ना?" तो हसला. "आमी कारखान्यावर नंबरात उभे व्हतो. ह्यो शेवटापासून एकेक टाकी वाजवीत आला. समद्यांना वाटलं, येडा हाय. माझ्या टाकीवर तीनदा वाजवलं, परत तीनदा वाजवलं, आन म्हणला, ही माझी हाय. अर्धा दिवस खपला, पण चहाशिवाय काय घेतलं न्हाई. हातात चिठ्ठी व्हती. म्या म्हणलं, मामा, नंबर वाचायचा की. तर म्हणला, चष्मा गेवराईला राहिलाय."

मी त्या दिवशी नोझल स्वतः धरलं. सात-आठ मिनिटांत टाकी भरली आणि नोझल आपोआप थांबलं. शेडच्या पत्र्यात लिंबाची सोललेली काडी अजून खोचलेली होती. ती आणली, आत बुडवली, बाहेर काढली आणि कोरड्या भागावर बोटं ठेवून बघितली.

माझी साडेपाच भरली. मामांची चार.