हरिदासची ताटली

कात्री! जेवणाच्या टेबलावर कात्री! हारूनला आधी वाटलं, कुणाची तरी चुकून राहिली असेल. पण त्या कोरियन हॉटेलातल्या बाईने ती उचलली आणि शेजारच्या टेबलावरच्या तव्यात तडतडणारे कोंबडीचे तुकडे कापड बेतावं तसे कराकरा कापायला सुरुवात केली, तेव्हा हारून खुर्चीतून अर्धा उठलाच.

"या अल्ला! हे आचारी आहेत की शिंपी?"

"अब्बा, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग," तस्नीम दबक्या आवाजात म्हणाली. श्रावस्ती मात्र तोंडावर हात ठेवून हसत सुटली.

तस्नीम हारूनची लेक, श्रावस्ती हरिदासची. दोघी बहारीनमध्येच वाढल्या, एका बाकावर शिकल्या आणि आता कमावत्या झाल्या. माहूजमधल्या एका इमारतीखालचं हे इवलंसं हॉटेल दोघींचं आवडतं. दोघी बापांना आज हट्टाने इथे घेऊन आल्या होत्या, कारण हारूनचं इथलं दाणापाणी संपलं होतं. तो रिटायर झाला होता, व्हिसा कॅन्सल व्हायला दिला होता. त्याची बायको हमीदा आधीच पुढे जाऊन कोकणातलं म्हसळ्याचं घर झाडूनपुसून वाट बघत बसली होती. पुढच्या शुक्रवारी विमान. तस्नीम इथेच राहणार होती, नोकरीसाठी.

आता इतका जुना माणूस, इतक्या वर्षांचा दोस्त, निरोपाचं जेवण, म्हणजे डोळ्यांत पाणीबिणी यायला हवं की नाही? पण हारूनच्या मनात भलतंच चाललं होतं. तो समोर बसलेल्या हरिदासच्या पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीकडे बघत होता. त्या पिशवीत काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं, की आजही जर ती ताटली बाहेर आली तर खलास. म्हसळ्याला गेल्यावर या माणसाला फोन म्हणून करायचा नाही.

ती ताटली म्हणजे एक जर्मनची, काठाला चेपलेली, जुनीपुराणी ताटली. अस्करजवळ ॲल्युमिनियम वितळवायचा जो मोठा कारखाना आहे, तिथे हरिदास इलेक्ट्रिशियन आणि हारून स्टोअरमध्ये. दिवसभर ज्या धातूत राबायचं त्याचीच ताटली घेऊन हा माणूस हिंडतो, म्हणून पोरं त्याची चेष्टा करायची. हॉटेलात ज्याचं त्याला ताट मिळालं तर ती पिशवीतच राहायची. पण जिथे चार माणसं एका भांड्यात जेवणार, तिथे ती बाहेर आलीच म्हणून समजा. आणि हारूनच्या घरची तर रीतच अशी, की मोठा थाळा मधे ठेवायचा आणि चौघापाचांनी भोवती बसायचं. रमजान असो, ईद असो, पोरीचं बारसं असो. हरिदास यायचा, सगळ्यांच्या आधी यायचा, कांदे चिरायचा, भांडी उचलायचा. पण जेवताना ती ताटली पुढे करायचा. "हमीदावहिनी, मले यात वाढा." आणि भिंतीला टेकून, सगळ्यांपासून हातभर लांब बसून जेवायचा.

"भटजी आले! सोवळं आलं!" असं हारूनच ओरडायचा. ते नाव त्यानेच पाडलं होतं, आणि ते पुढे साऱ्या शिफ्टमध्ये पसरलं. हरिदास हसायचा. वर कधी एक शब्द नाही.

आणि माणूस कसा, तर कुणाचा एसी बंद पडला की हरिदास. कुणाच्या पोराचं गणित अडलं की हरिदास. मआमीरमध्ये कुणा उस्मानच्या खोलीत वायर जळाली, तर सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करून गेला. मेहकरकडचा माणूस, घरात बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला अख्ख्या बिल्डिंगला जेवण. तिथे हारून दरवर्षी जेवला होता, ज्याच्या त्याच्या वेगळ्या ताटात.

तस्नीमच्या जन्माच्या वेळी हमीदाची तब्येत बिघडली आणि रक्त लागलं. रात्रपाळी करून आलेला हरिदास बाही वर करून आडवा झाला. हारूनला हेच खात होतं. माझ्या बायकोच्या अंगात याचं रक्त चालतं, आणि माझ्या थाळ्यात याचा हात नाही? जो माणूस जात मानत नाही म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, त्याला माझंच उष्टं का चालू नये? मी मुसलमान म्हणूनच ना?

"विचार ना एकदा सरळ," हमीदा कितीदा म्हणाली होती.

पण विचारायचं कसं? विचारलं आणि तो 'हो' म्हणाला, तर? मग काय उरलं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत म्हणत पंचवीसेक वर्षं गेली.

तेवढ्यात टेबलावर बारक्या बारक्या वाट्या यायला लागल्या. एक, दुसरी, तिसरी, थांबेचनात. "हे कुणी मागवलं?" हारून दचकला.

"इट्स फ्री, अब्बा. संपलं की परत देतात."

"फुकट?" त्याचा विश्वास बसेना. हलाल आहे ना, हे त्याने दारात दोनदा आणि आत एकदा विचारून घेतलं होतं. त्याने एका वाटीत डोकावून बघितलं आणि किंचाळलाच. "अरे, ही तर सुकट! हरिदास, बघ, यांच्यात पण सुकी मच्छी! गोड केलीये, पण सुकटच! आमच्या म्हसळ्याच्या बायकांना सांगितलं तर वेड्यात काढतील मला."

हरिदासने एक मासोळी चिमटीत धरून तोंडात टाकली. "चांगली हाय," तो म्हणाला. वाट्या सगळ्यांत मिळून होत्या, तरी इतकं त्याने केलं. हारूनच्या मनात उगाच आशा आली.

मग ती बाई पेटती शेगडी घेऊन आली, आणि तिच्यावर रटरटणारं, लालभडक रश्श्याचं एक भलं मोठं पातेलं. ज्याच्या त्याच्या पुढे भाताची एक वाटी आणि एक लांब दांड्याचा चमचा. रश्श्याला वाटी नाही, डाव नाही, काही नाही.

"डाव कुठाय?" हारूनने विचारलं.

"डाव नसतो, चाचा," श्रावस्ती म्हणाली. "सगळ्यांनी यातूनच खायचं. असं." तिने आपला चमचा पातेल्यात बुडवला, तोंडात घातला आणि तोच परत बुडवला. पाठोपाठ तस्नीमचा चमचा. दोघींचे चमचे एकाच बटाट्यावर आपटले आणि दोघी खिदळल्या. हारून आ वासून बघत राहिला. आपली थाळ्याची रीत फक्त आपली आणि अरबांची, असं तो आजवर समजत होता.

मग त्याने हरिदासकडे बघितलं. हरिदास वाकला होता. पिशवीतून ती चेपलेली ताटली बाहेर आली.

"श्रावस्ती, बेटा, मले यात काढून दे थोडं."

"बाबा, सीरियसली? इथे पण?"

हारूनच्या डोक्यात काहीतरी फुटलं. चमचा त्याने टेबलावर आपटला. बाजूच्या टेबलावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"बस झालं, हरिदास! मी चाललोय आता. आज तरी तोंड उघड. माझ्याबरोबरचं तुला चालत नाही ना? मुसलमानाचं उष्टं, म्हणूनच ना? सांग. पंचवीस वर्षं गिळून बसलोय मी हे!"

हरिदासचा चेहरा पांढराफटक पडला. ताटली त्याच्या हातातच राहिली.

"तुले... असं वाटलं?" तो म्हणाला. "इतकी वर्षं तुले असं वाटत होतं?"

"मग काय वाटायचं माणसाला?"

"अरे लेका..." मुलींचे चमचे हवेतच थांबले. "मी सहा-सात वर्षांचा होतो. माय गावच्या मालकाच्या वावरात निंदायले जाये. त्याचा धाकला पोरगा माझ्या वर्गात, माझा दोस्त. एक दिवस अंगणात जेवत होता. म्हणला, ये. बस. मी बसलो. त्याच्या ताटलीत हात घातला. एक घास खाल्ला असंन मी. त्याच्या बापानं पाहिलं."

पातेलं रटरटत होतं, पण कुणी शेगडी बारीक करायला हात पुढे केला नाही.

"मले कोणी मारलं नाही. मार त्याले बसला. माझ्यापायी. बैलाच्या कासऱ्यानं. अन् मले समोर उभं करून पाहायले लावलं. तवापासून माझा हातच उचलत नाही, हारून. ज्याच्यावर जीव हाय त्याच्या ताटात तर बिलकुलच नाही. तुमी पाचजण त्या थाळ्याभोवती बसायचे. मी हात घातला, अन् त्यातल्या एकानं जरी आपला हात मागं घेतला असता, तर? मले ते पाहवलं नसतं. म्हणून आपलं लांबच बरं."

हा माणूस कुणीतरी हात मागे घेईल या भीतीने लांब बसत होता, आणि आपण तो 'हो' म्हणेल या भीतीने गप्प बसलो होतो. आणि वर त्याला नाव काय दिलं? भटजी! सोवळं! चारचौघांत, मोठ्याने, हसत हसत! जीभ झडली का नाही आपली, असं हारूनला झालं.

"बाबा," श्रावस्तीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, "यू नेव्हर टोल्ड मी. मला कधीच का नाही सांगितलं?"

"काहून सांगू? तू तर मजेत जेवतेस ना सगळ्यांसंगं. तेच पाहिजे होतं मले."

तस्नीमने शेवटी शेगडी बंद केली. हारूनने हात पुढे केला आणि हरिदासच्या हातातून ती ताटली हळूच सोडवून घेतली. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी हात लावला नव्हता. काठ चेपलेला होता, तळाला खूप घासल्याच्या रेघा होत्या.

"ही घरून आणलेली?" त्याने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

हरिदासने चेपलेल्या काठावर बोट ठेवलं.

"तीच हाय ती," तो म्हणाला. "त्या पोराची. मी शिवलो म्हणून उकिरड्यावर फेकली त्यायनं, तवाच तिचा काठ चेपला. रात्री माय गेली अन् उचलून आणली. राखेनं घासली. म्हणे, तुझ्यापायी टाकली ना, मंग आता तुझीच."

हारूनने ताटली अलगद टेबलावर ठेवली. मग आजवर कधी सुचलं नव्हतं ते त्याला लख्ख दिसलं. दर ईदला आपण याला आपल्या थाळ्यात ये म्हणून बोलावत होतो, आला नाही म्हणून रुसत होतो. याच्या ताटलीत हात घालायला आपण तरी कधी गेलो होतो? एकदा तरी? त्याने आपली भाताची वाटी त्या ताटलीत उपडी केली. मग हरिदासची केली. पातेलं कडेला तिरकं करून त्यावर लाल रस्सा ओतला, निम्मा टेबलावर सांडला. चमचा बाजूला सारला, बाही वर केली आणि ताटलीत हात घातला.

"अरे, चटका बसंन!" हरिदास ओरडला.

"बसू दे मेला," हारून म्हणाला. त्याची बोटं खरंच भाजली होती. त्याने घास कालवून तोंडात टाकला आणि ताटली टेबलाच्या मधोमध सरकवली. "ये. माझ्याकडे नको येऊस. आम्ही येतोय तुझ्याकडे. यल्ला, पोरींनो!"

तस्नीमचा हात आला. श्रावस्तीचा आला. त्या एवढ्याशा ताटलीत चार हातांना जागा तरी कुठली? हरिदास नुसता बघत होता, कुणाचा हात मागे जातोय का ते. कुणाचाच गेला नाही. मग त्याने डावा हात डोळ्यांवर ठेवला आणि उजवा हात ताटलीत घातला. पहिल्याच घासाला त्याला ठसका लागला. हारूनने त्याच्या पाठीवर आपली रश्श्याने माखलेली मूठ आपटली आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट कायमचा खराब केला.

जेवण आटोपलं. ती बाई भांडी आवरायला आली. तिने वाट्या एकात एक घातल्या, चमचे गोळा केले, पातेलं उचललं आणि त्यात ती जर्मनची ताटलीही टाकली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती मोरीच्या दारापर्यंत पोहोचली.

"अहो बाई! ती आमची आहे!" हारून धडपडत उठला.

हरिदासने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला खाली बसवलं.

"असू दे रे," तो म्हणाला. "एकदा तरी सगळ्यायसंगं धुतली जाऊ दे तिले."