सिंटी आजोबांनी माझा फोन तपासला
मंडळी, आज दुपारी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातल्या एका बागेत सिंटी जॅझ ऐकायला गेलो होतो. सिंटी म्हणजे शतकानुशतकं जर्मनीत राहिलेले रोमानी लोक. त्यांचे पूर्वज भारतातून आलेले.

मध्यंतरात म्हातारे गिटारवादक आपल्या मुलीशी त्यांच्या भाषेत बोलत होते. काही शब्द चक्क मराठीसारखे वाटले! मी आनंदाने फोनमध्ये टिपायला लागलो आणि विचारलं, "तुमचं घराणं मूळचं कुठलं? घरी कोण कोण असतं?"

त्यांचा चेहराच बदलला. "कशाला लिहिताय? कोणी पाठवलंय तुम्हाला?"

मलाही संशय आला. एवढं लपवण्यासारखं काय आहे यांच्याकडे?

मुलगी म्हणाली, "हिटलरच्या काळात असेच गोड बोलणारे संशोधक आले होते. आमची भाषा शिकून आले, नातेवाइकांची नावं उतरवून घेतली. नंतर त्याच याद्या घेऊन पोलीस आले आणि आमच्या माणसांना छळछावण्यांत घेऊन गेले. बाबांच्या आजोळचं कोणीच परत आलं नाही."

मी सगळं डिलीट केलं. आजोबांनी फोन मागून घेतला, नीट पाहिला, मगच गिटार उचलली. वाजवतानाही त्यांची नजर माझ्या हातांवर होती.

खरं सांगा, त्यांच्या जागी तुम्ही असता, तर माझ्यावर विश्वास ठेवला असता का?