साडूंची लाकडावरची गाडी

पेट्रोल पंपासमोरून मान ताठ ठेवून आणि तोंड दुसरीकडे फिरवून जाणारा सबंध बीड जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. पंपाशी त्यांचं काही वाकडं नाही. पंपावरची पोरं त्यांना रामराम घालतात, तेही हात वर करतात, फक्त तिकडे बघत नाहीत. त्यांची पिकअप लाकडावर चालते. डिझेलवर नाही, पेट्रोलवर नाही, विजेवर नाही. बांधावर उगवणाऱ्या वेड्या बाभळीवर. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे आणि त्यांनी माझ्याकडे इतक्या काळजीने पाहिलं आहे की आता मी ते सांगून टाकतो आणि लगेच चहा मागवतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. गाव तेलगाव. रस्त्यालगत पत्र्याची शेड आणि शेडमध्ये वेल्डिंगचं दुकान. उसाची ट्रॉली, पाण्याची टाकी, शाळेचं फाटक, जे मोडेल ते तिथे जोडून मिळतं. तरुणपणी ते परळीच्या वीजकेंद्रात एका ठेकेदाराकडे वेल्डर होते. तिथल्या उंच चिमण्यांकडे रोज पाहून पाहून त्यांचं असं ठाम मत झालं की धूर म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. लाकडाचा धूर झाला म्हणजे ते पुरतं जळालंच नाही, त्यातला जीव वर निघून गेला, आणि तो जीव धरून इंजिनात घातला पाहिजे. हे मत त्यांनी लग्नाच्या पंगतीत मांडलं, दहाव्याच्या घाटावर मांडलं आणि एकदा माझ्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवरूनही मांडलं. मी मराठी शिकवतो म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. पण लोखंड आणि विस्तव या दोन विषयांत मी नापास आहे, हेही चारचौघांत आवर्जून सांगतात.

पुढे कधीतरी त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. परदेशात कुठेशी लढाईच्या काळात तेल मिळेना तेव्हा लोकांनी लाकडाच्या गॅसवर मोटारी चालवल्या होत्या, असा तो व्हिडिओ. साडूंनी तो पाहिला आणि दुकानाला कुलूप लावलं. दारात एक जुनी पिकअप मरून पडली होती. तिचं डिझेल इंजिन काढून एका मोडीत निघालेल्या मोटारीचं पेट्रोलचं बसवलं. केबिनच्या मागे भट्टी उभी केली. भट्टीतला गॅस गार व्हायला आडव्यातिडव्या नळ्या, गाळून घ्यायला उसाचं पाचट भरलेला पिंप. सगळं जमलं, फक्त लाकडं ठेवायला वरचा डबा हवा होता. त्याच सुमारास आक्का दोन दिवस माहेरी आल्या आणि परत गेल्यावर त्यांना माजघरात सतरंजीवर गव्हाचा ढीग दिसला. गव्हाची कोठी पिकअपवर चढली होती. आक्कांच्या लग्नातली कोठी ती, त्यामुळे तिच्यावर ऑइलपेंटने काढलेलं ‘मामाकडून सप्रेम भेट’ आजही मागून येणाऱ्या गाड्यांना वाचता येतं. आक्कांनी त्या दिवशी काय काय ऐकवलं ते मला माझ्या बायकोकडून कळलं, आणि तिने त्यातलं बरंच गाळलं असणार.

पेट्रोलची टाकी त्यांनी काढून मोडीत दिली. असू द्यायची अडीअडचणीला, असं मी म्हटलं तर म्हणाले, टाकी ठेवली की माणसाची नियत फिरते. तेव्हापासून त्यांची नजरच बदलली. रस्त्याने जाताना आपण झाडाला झाड म्हणतो, ते त्याचा पल्ला सांगतात. ही बाभूळ धारूरपर्यंत, ती वडवणीपर्यंत. कडुनिंबाला ते हात लावत नाहीत, कारण त्याला झोका बांधतात. आंबा-चिंचेला लावत नाहीत, कारण आक्का. उरली वेडी बाभूळ, आणि तिच्याबद्दल ते असं काही बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगी स्थळाला दाखवताहेत. लाकडाचे तुकडे काडेपेटीएवढेच हवेत. त्यांना ते घास म्हणतात. मोठा तुकडा टाकला की म्हणतात, ‘‘गुरुजी, घास मोटा झाला, ठसका लागंल तिला.’’

गाडीत माझी जागा ठरलेली. मागे, भट्टीजवळ, तुकड्यांच्या पोत्यावर. ते सांगतील तेव्हा कोठीचं झाकण उघडायचं, घास टाकायचे, नाक लांब ठेवायचं आणि झाकण लावायचं. मला पांढऱ्या सदऱ्याची हौस आहे, आणि माझे किती पांढरे सदरे त्या पोत्यावर कामी आले हे धोब्यालाच ठाऊक. पण एक सांगतो. लाकूड खडखडीत कोरडं असलं की ती गाडी खरोखर पळते. धूर दिसत नाही, इंजिनाचा सूर स्वच्छ लागतो, आणि चढ नसेल तर एष्टीही मागे पडते. तो सूर ओळखायला साडूंनीच मला शिकवलं. त्यांच्याकडून मी शिकलेली ती एकमेव गोष्ट, पण पक्की शिकलो.

आणि गाडीत खोट आहे हे साडूंनी कधी, म्हणजे कधीच, कबूल केलं नाही. गाडी थांबली की ते खाली उतरून रस्ता तपासतात. कधी वारा समोरून असतो, कधी सडकेचा उतार उलटा असतो. एकदा त्यांनी दोष माझ्या वजनावर घातला. मी रागाने खाली उतरलो, तर गाडी लगेच सुरू झाली आणि मला आजतागायत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. परळीचा एक मेकॅनिक, चांगला लंगोटीयार, सहज बोलून गेला की बे, हे इंजिन दमलंय. साडूंनी त्याच्याशी त्या साली बोलणंच टाकलं. दमतात ती माणसं, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्या उद्योगात त्यांच्या बाजूने घरात एकच माणूस होतं, त्यांची एकुलती लेक अश्विनी. वेल्डिंगच्या वेळी पत्रा धरायला ती, तुकडे तोडायला ती, गॅस पेटतो का हे काडी लावून बघायलाही तीच. काही वर्षांमागे उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मांजरसुंब्याला तिच्या सासऱ्यांचा धाबा आहे आणि धाब्यामागेच घर. पाठवणीच्या वेळी फुलं लावलेल्या भाड्याच्या मोटारीत बसताना ती रडत रडत एवढंच म्हणाली होती, ‘‘अण्णा, पंचमीला मुराळी तुमीच या. आपल्या गाडीनं या.’’ आमच्याकडे नागपंचमीला सासुरवाशीण माहेरी आणायची, आणि तिला आणायला जाणारा तो मुराळी. भाऊ असला तर भाऊ जातो. अश्विनीला भाऊ नाही.

आता पंचमी येते श्रावणात. हवेत ओल, लाकडात ओल, आणि ओल्या लाकडावर ही गाडी नुसती धुमसते. त्यात व्याह्यांचा फोन आला. धाब्यावर बसून दिवसभर गाड्याच बघणारा माणूस, त्याची गाड्यांबद्दल मतं असायचीच. सूनबाईला खुशाल न्या, पण आमची सून चुलीवर बसून जाणार न्हाई, असं ते म्हणाले. आक्कांनी साडूंना विनवलं की एष्टीनं जा, पोरीची पहिली पंचमी आहे, ती गाडी वाटेत विझली तर झोका रिकामा राहील. साडू ऐकून घेत होते आणि ताडपत्रीखालचे तुकडे फडक्याने पुसत होते. शेवटी म्हणाले, ‘‘तिला सबूद दिलाय म्या.’’  मग आक्कांनी सोबतीला मला धाडलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच निघालो. केजपर्यंत गाडी बरी चालली, पुढे धुमसायला लागली. दोष हवेचा होता, असं साडूंनी तीनतीनदा सांगितलं. मांजरसुंब्याच्या चौकात आम्ही पोचलो ते धुराच्या लोटात. धाब्यावरच्या ट्रकवाल्यांना वाटलं, पिकअप पेटली. एक भला माणूस जेवता उठला, टाकीतून बादली भरून घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत भट्टीवर आणि शेजारच्या पोत्यांवर ओतली. दुसऱ्याने दुसरी बादली ओतली. मी त्यात पुरता न्हालो. भट्टी फुसफुसून गप्प झाली. ओतणारे दोघेही समाधानाने जेवायला बसले, आणि साडूंनी त्यांना हात जोडून रामराम केला, कारण माणसं चांगली होती.

व्याही बाहेर आले. ते हसले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, पाहुणचाराचं विचारलं आणि मग सांगितलं की घरची जीप घेऊन मुलगा लातूरला गेला आहे, उद्या संध्याकाळी येईल. सणाच्या एष्टीत नव्या सुनेला लोंबकळत पाठवायचं नाही. तेव्हा पाव्हणं, पंचमी इथंच होऊ द्या, परवा जीपनं धाडतो. बोलणं सरळ होतं आणि त्यात काही वावगं नव्हतं. साडू ओल्या पोत्यात हात घालून तुकडे चाचपत होते. नवे तोडून वाळवावेत तर दिवस थोडा, आणि उद्या पंचमी; पंचमीला आमच्याकडे विळी चालत नाही, कुऱ्हाड तर नाहीच नाही. गाडीत खोट काढायला ही नामी संधी होती, पण मला धीर झाला नाही. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रस्ता तपासायलाही ते खाली उतरले नाहीत.

एवढ्यात धाब्यामागून अश्विनी आली. नवी साडी, हातभर बांगड्या, आणि दोन्ही हातांनी ओढत आणलेलं एक पोतं. पोतं साडूंच्या पायाशी ठेवून तिने त्याचं तोंड सोडलं. आत काडेपेटीएवढे तुकडे होते. एकसारखे, खडखडीत, हात लावला तर टणटण वाजणारे. धाब्याच्या भट्टीवर जी फळी असते तिच्यावर ती महिनाभर रोज थोडे थोडे वाळवत होती. सासूबाई समजत होत्या, पावसाळ्याची सोय करते आहे पोर.

‘‘तुमी येणार तवा लाकडं वली असणार, हे मला म्हाईत न्हाई व्हय?’’ ती म्हणाली.

साडू खाली वाकले. एक तुकडा उचलून त्यांनी कानाशी वाजवला, मग दुसरा वाजवला, आणि मग उपरण्याने तोंड पुसत बसले. धुराने डोळ्यांना पाणी येतं हे खरं, पण धूर केव्हाच थांबला होता. व्याही हे सगळं बघत उभे होते. ते आत गेले आणि तंदूरमधला रसरशीत विस्तव फावड्यावर घेऊन स्वतः बाहेर आले. कुठं टाकू, एवढंच त्यांनी विचारलं. साडूंनी भट्टी उपसून कोरडी केली, विस्तव आत गेला, वर घास पडले, भट्टीचा पंखा फिरला. नळीच्या तोंडाशी अश्विनीने काडी धरली आणि निळसर जाळ लागला. ट्रकवाल्यांनी हात न धुताच टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी सुनेची पेटी आपल्या हाताने केबिनमध्ये ठेवली.

परतीच्या वाटेवर मी मागे पोत्यावर, बापलेक पुढे. केबिनची मागची काच कधीच फुटलेली आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. अश्विनी सासरचं सांगत होती आणि साडू हूं हूं करत होते. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने चालली होती. आम्हाला ट्रकनी मागे टाकलं, एष्टीने टाकलं, केजच्या पुढे दुधाच्या कॅनवाल्या मोटारसायकलीने टाकलं. मी भट्टीकडे पाहिलं. धुराचा मागमूस नव्हता. कोठी अर्धी भरलेली. इंजिनाचा सूर असा स्वच्छ लागला होता की इतका चांगला मी त्या गाडीतून कधी ऐकला नव्हता.

‘‘अण्णा, जोरात घ्या की जरा,’’ अश्विनी म्हणाली. ‘‘आई वाट बघत असंल.’’

‘‘कशी घेऊ गं,’’ साडू म्हणाले. ‘‘गॅस कमी पडतोय. गाडी दमली आता.’’

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पोत्यातला एक घास हातात घेऊन नुसता बसून राहिलो. तेलगावात शिरलो तेव्हा दिवे लागायला आले होते, आणि आक्का झोक्याजवळ उभ्या होत्या.

अश्विनी आता नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याकडे असते. सणाला रेल्वेने परळीला उतरते. साडूंचा हात हल्ली थोडा कापतो, दुकान बहुतेक बंदच असतं, आणि गाडी तिला परळीहून आणायला पंचमीपुरती बाहेर निघते. पण आक्कांच्या चुलीवर उन्हाळ्यापासून तुकडे वाळत पडलेले असतात, आणि आक्का ते दोन वेळा हलवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. यंदाही मला सोबत यायचा निरोप आला. मी जुना सदरा काढून ठेवला आणि फोनवर सहज विचारलं, गाडी कशी आहे.

‘‘जाताना बरी पळती,’’ साडू म्हणाले. ‘‘येतानाच गॅस कमी पडतो बघा, गुरुजी. दर साली तसंच.’’